संशोधनाची मोजदाद आणि संशोधनाचे मूल्यमापन : डॉ. नोशिर वाडिया यांच्या मेंदूविज्ञानविषयक लेखनाच्या आधारे एक चिकित्सा

प्रस्तावना

महाविद्यालयीन अध्यापकाच्या संशोधनाचे मूल्यमापन करताना गेल्या दोन दशकांत आकड्यांना मध्यवर्ती स्थान प्राप्त झाले आहे. शोधनिबंध किती, ते कोणत्या नियतकालिकात, त्या नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर किती, सायटेशन किती आणि एच-निर्देशांक किती, हे पाच रकाने भरले की संशोधकाची ओळख पूर्ण झाली असे मानण्याकडे कल दिसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी 'एपीआय' म्हणून परिचित असलेली गुणपद्धती आणली. २०१८ च्या विनियमांत तिचे स्वरूप बदलले, तथापि शोधनिबंधांना गुण देण्याचा तक्ता कायम राहिला. त्या तक्त्यानुसार इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या संदर्भित नियतकालिकातील निबंधास ५ गुणांची, तर दहाहून अधिक इम्पॅक्ट फॅक्टर असलेल्या नियतकालिकातील निबंधास ३० गुणांची वाढ मिळते. निबंधात काय आहे, हा प्रश्न या तक्त्यात कोठेही विचारलेला नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने 'केअर' यादी बंद करण्याचा निर्णय जाहीर केला आणि नियतकालिकांची पारख करण्याची जबाबदारी विद्यापीठे व महाविद्यालये यांच्याकडे सोपविली. त्यामुळे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील नगर, संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव येथील महाविद्यालयांच्या छाननी समित्यांपुढे एक नवी परिस्थिती उभी राहिली आहे. यादीत नाव आहे किंवा नाही एवढे पाहून निर्णय देण्याची सोय आता उरलेली नाही. निबंध वाचून मत द्यावयाचे, की यादीच्या जागी दुसरा एखादा आकडा आणून बसवावयाचा, असा हा पेच आहे.

या पेचाचा विचार केवळ तत्त्वाच्या पातळीवर करण्यापेक्षा एका संशोधकाच्या प्रत्यक्ष लेखनाच्या आधारे करणे अधिक उपयुक्त ठरेल. त्यासाठी मुंबईतील मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया (१९२५-२०१६) यांचे कार्य प्रस्तुत लेखात विचारात घेतले आहे. त्यांच्या लेखनाला जागतिक मान्यता लाभली, ते प्रतिष्ठित नियतकालिकांत प्रसिद्ध झाले आणि त्याची दखलही भरपूर घेतली गेली. म्हणजेच आकड्यांच्या कसोटीवर अयशस्वी ठरलेल्या संशोधकाची ही कैफियत नव्हे. यशस्वी ठरलेल्या संशोधकाच्या बाबतीतही आकडे नेमके काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे तपासणे हा येथील उद्देश आहे.

वाडिया यांच्या लेखनातील प्रमुख टप्पे

वाडिया यांचे वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये झाले. पुढे इंग्लंडमध्ये मेंदूविकारशास्त्राचे प्रशिक्षण घेऊन ते परतले आणि जे. जे. रुग्णालयात त्यांनी या विषयाचा विभाग उभारला. नंतरच्या काळात ते जसलोक रुग्णालयाशी संबंधित होते. २०१२ मध्ये त्यांना पद्मभूषण हा सन्मान प्राप्त झाला. त्यांच्या लेखनातील तीन टप्पे येथे महत्त्वाचे आहेत.

पहिला टप्पा १९६७ चा. मानेच्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा जन्मतःच निसटलेला असल्यास मज्जारज्जूवर दाब येतो आणि हातापायांतील शक्ती हळूहळू कमी होते. अशा २८ रुग्णांचा अभ्यास वाडिया यांनी 'ब्रेन' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. अशा रुग्णाच्या दुर्बलतेमागे एक शोधता येण्याजोगे, शस्त्रक्रियेच्या आवाक्यातील कारण असू शकते, म्हणून या अभ्यासाला चिकित्सेच्या दृष्टीने मोल होते.

दुसरा टप्पा १९७१ चा. त्या वर्षी वाडिया आणि आर. के. स्वामी यांनी 'ब्रेन' मध्येच नऊ कुटुंबांचा अभ्यास मांडला. या कुटुंबांत लहान मेंदू व मज्जारज्जू यांचा ऱ्हास पिढ्यान्‌पिढ्या आढळत होता. चाल अडखळणे, बोलणे जड होणे, हातांच्या हालचालींतील मेळ जाणे ही लक्षणे पूर्वी ज्ञात होती. परंतु या रुग्णांत आणखी एक विशेष होता. निरोगी माणसाची नजर एका वस्तूवरून दुसरीवर क्षणार्धात उडी घेते. वैद्यकात या हालचालीस 'सॅकेड' म्हणतात. या रुग्णांची नजर मात्र सावकाश सरकत असे. या मंद नेत्रहालचालींच्या आधारे लेखकद्वयाने रोगाचा एक नवा प्रकार वर्णन केला.

तिसरा टप्पा साथीच्या रोगाचा. १९६९ मध्ये घाना देशात डोळे येण्याची रक्तस्रावयुक्त साथ प्रथम नोंदली गेली आणि १९७१ मध्ये ती मुंबईत पोहोचली. डोळे बरे झाल्यानंतर काही रुग्णांच्या पायांतील शक्ती गेल्याचे दिसून आले. वाडिया, इराणी आणि कात्रक यांनी ही गुंतागुंत १९७२ व १९७३ मध्ये 'लॅन्सेट' मधून जगापुढे ठेवली. १९८१ मध्ये मुंबईत पुन्हा साथ आली, तेव्हा पोलिओसदृश पक्षाघाताच्या रुग्णांचा नैदानिक व रक्तद्रवीय अभ्यास करण्यात आला आणि तो १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला.

या तिन्ही टप्प्यांत एक सूत्र दिसते. समोर आलेल्या रुग्णात जे पूर्वीच्या वर्णनात बसत नाही ते नोंदविणे, तसे रुग्ण पुरेशा संख्येने जमविणे आणि मगच लिहिणे, ही त्यांची पद्धत होती. जे. जे. सारख्या सार्वजनिक रुग्णालयातील गर्दी हीच त्यांची प्रयोगशाळा होती.

काळाचा प्रश्न

१९७१ च्या निबंधाचे पुढे काय झाले, हे पाहणे उद्बोधक आहे. १९९३ मध्ये क्यूबातील ओल्गीन प्रांतामधील कुटुंबांच्या अभ्यासातून या गटातील एका रोगाचे जनुक बाराव्या गुणसूत्रावर असल्याचे निश्चित झाले. १९९६ मध्ये तीन स्वतंत्र संशोधकगटांनी ते जनुक शोधून काढले. त्यातील सी-ए-जी या तीन अक्षरांची पुनरावृत्ती सामान्य व्यक्तीत बहुधा बावीस वेळा असते. ती तेहतीसच्या आसपास किंवा त्यापलीकडे गेली की रोग उद्भवतो. या रोगाला 'एससीए-२' हे नाव मिळाले आणि मंद नेत्रहालचाल हे त्याचे ठळक लक्षण ठरले. वैद्यकीय वाङ्मयात या रोगाचा पर्यायी निर्देश 'वाडिया-स्वामी' या जोडनावानेही केला जातो.

१९९८ मध्ये वाडिया यांनी सहकाऱ्यांसह 'ब्रेन' मध्ये सहा भारतीय घराण्यांचे नैदानिक व जनुकीय विश्लेषण प्रसिद्ध केले आणि निदानात मंद नेत्रहालचालींचे महत्त्व पुन्हा तपासले. त्या वेळी त्यांनी वयाची सत्तरी ओलांडली होती. स्वतः केलेल्या निरीक्षणाची सत्तावीस वर्षांनी, नव्या साधनांनिशी, स्वतःच फेरतपासणी करणारे संशोधक कोणत्याही विद्याशाखेत विरळाच.

आता प्रचलित मोजमाप या घटनाक्रमाला लावून पाहावे. इम्पॅक्ट फॅक्टरची गणना मागील दोन वर्षांतील लेखांना चालू वर्षात मिळालेल्या उल्लेखांवर होते. १९७१ च्या निबंधापुरता हा काळ १९७३ मध्ये संपतो. त्या निबंधात वर्णिलेल्या लक्षणामागील जनुक मात्र पंचवीस वर्षांनी हाती आले. मानवी कुटुंबांतील आनुवंशिक रोगाचा अभ्यास पिढ्यांच्या गतीने चालतो. पदोन्नतीचा अर्ज ठराविक वर्षांच्या मुदतीत करावा लागतो. या दोन कालगणनांचा मेळ बसत नाही, आणि तो बसविण्याचा आग्रह धरल्यास संशोधक लवकर फळणारे प्रश्नच निवडू लागतो. हा केवळ संशोधकाच्या चारित्र्याचा दोष मानता येणार नाही. तो पद्धतीने घडविलेला परिणाम आहे.

येथे हेही नोंदविले पाहिजे, की या मोजमापांचे उद्गाते त्यांच्या मर्यादा ओळखून होते. यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये उल्लेखसूचीची कल्पना मांडली ती प्रामुख्याने वाङ्मय शोधण्याचे साधन म्हणून. नियतकालिकाच्या आकड्यावरून व्यक्तीचे मोल ठरविण्याबाबत त्यांनी स्वतःच सावधगिरीचा इशारा दिला होता.

उल्लेखाचा अर्थ

दुसरा प्रश्न उल्लेखाच्या अर्थाचा आहे. जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये मांडलेला एच-निर्देशांक असे सांगतो, की संशोधकाच्या अमुक इतक्या निबंधांना प्रत्येकी किमान तितकेच उल्लेख मिळाले आहेत. या गणनेत एखादा निबंध एकदा मर्यादेपलीकडे गेला, की त्याला पुढे मिळणारे शेकडो उल्लेख निर्देशांकात भर घालीत नाहीत. नव्या रोगप्रकाराचे पहिले वर्णन आणि एखादा सामान्य आढावालेख हे दोन्ही त्या मोजणीत 'एक' या संख्येनेच उभे राहतात. वाडिया यांचा १९७१ चा निबंध त्यांच्या निर्देशांकात एकच आहे.

सहलेखकत्वाचेही असेच. आयोगाच्या २०१८ च्या तक्त्यानुसार दोन लेखक असल्यास प्रत्येकास एकूण गुणांच्या ७० टक्के गुण मिळतात. नऊ कुटुंबे कोणी शोधली, वंशवृक्ष कोणी नोंदविले, नेत्रहालचालीतील फरक प्रथम कोणाच्या ध्यानात आला, याचे उत्तर या टक्केवारीत मिळण्याची अपेक्षा करणे व्यर्थ होय.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे काही ज्ञान इतके सर्वमान्य होते, की त्याचा उल्लेख करणेच थांबते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रक्रियेकडे लक्ष वेधले होते. कल्पना ज्ञानाच्या प्रवाहात पूर्णपणे सामावली, की तिच्या मूळ कर्त्याचे नाव गळून पडते. मंद नेत्रहालचालीची तपासणी हे याचे उत्तम उदाहरण ठरते. ती करण्यास यंत्र लागत नाही. रुग्णाच्या समोर दोन बोटे धरून त्याला आळीपाळीने एकाकडून दुसऱ्याकडे पाहावयास सांगितले, की अनुभवी डॉक्टरला संशय येण्याइतकी खूण मिळते. जिल्हा रुग्णालयातील किंवा लोणीच्या वैद्यकीय महाविद्यालयातील एखादा डॉक्टर ही तपासणी करून रुग्णाला जनुकीय चाचणीसाठी पाठवितो, तेव्हा तो १९७१ च्या निबंधाचा उपयोग करीत असतो, पण कोणत्याही सूचीत त्याची नोंद होत नाही.

वैद्यकाबाहेरही हीच स्थिती आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेला 'फुले २६५' हा उसाचा वाण शेतकरी लावतो, तेव्हा तो कोणाचेही सायटेशन करीत नाही. जिल्ह्यातील बोली, देवस्थाने, सहकारी चळवळ किंवा दुष्काळ यांवर मराठीत लिहिला गेलेला निबंध आंतरराष्ट्रीय सूचींत बहुधा दिसतच नाही. मोजणीच्या कक्षेबाहेर असणे आणि मूल्यहीन असणे यांत फरक आहे. तो लक्षात न घेतल्यास स्थानिक विषयांवरील संशोधन आपोआप दुय्यम ठरते.

प्रदेशनिष्ठ संशोधनाचे आणखी एक उदाहरण

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे कार्य येथे तुलनेसाठी उपयोगी पडते. ते मेंदूविकारतज्ज्ञ नव्हेत. परंतु लाल विंचवाचे विष स्वायत्त मज्जासंस्थेला अतिरिक्त उत्तेजना देते आणि त्यातून हृदय व फुप्फुसे निकामी होतात, या विषयावर कोकणातील ग्रामीण रुग्णालयात राहून त्यांनी काम केले. १९८२ आणि १९८६ मध्ये त्यांचे लेखन 'लॅन्सेट' मध्ये आले. त्यांपैकी दुसऱ्यात प्राझोसिन या औषधाच्या उपयोगाची मांडणी होती. २०११ मध्ये प्राझोसिन आणि प्रतिविष यांच्या एकत्रित उपचाराची चाचणी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' मध्ये प्रसिद्ध झाली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

विंचूदंशावर संशोधन करणारा जागतिक समुदाय लहान आहे, कारण हा आजार श्रीमंत देशांचा नाही. हृदयरोग किंवा कर्करोगावरील निबंधांशी उल्लेखांची तुलना केल्यास तो मागे पडणार, हे उघड आहे. या उपचाराचा खरा हिशेब कोकणात विंचूदंशाने होणारे मृत्यू किती घटले यात मांडावा लागतो. हा हिशेब मांडण्यासाठी परीक्षकाला विषय समजून घ्यावा लागतो. केवळ आकडा पाहणाऱ्यास ही तसदी पडत नाही, आणि आकड्यांचे आकर्षण बऱ्याच अंशी यातच आहे.

मोजणीच्या बाजूने

तथापि मोजणी सर्वस्वी त्याज्य आहे, असा निष्कर्ष काढणे एकांगी होईल. आकड्यांची पद्धत आली ती निष्कारण नव्हे. निवड व पदोन्नती यांत ओळख, ज्येष्ठता आणि मर्जी यांचे प्राबल्य असल्याची तक्रार जुनी आहे. बाहेरच्या कसोटीची मागणी त्यातूनच पुढे आली. ज्या अध्यापकाला कोणाचाही आधार नाही, त्याला तक्त्यातील गुण हे एक संरक्षण वाटते, आणि ते वाटणे गैर म्हणता येत नाही.

परंतु हे संरक्षण कितपत टिकले? आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीची चिकित्सा करणारा डॉ. भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांचा निबंध २०१८ मध्ये 'करंट सायन्स' मध्ये प्रसिद्ध झाला. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संबंधित या अभ्यासात, विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेल्या व अन्य मान्य सूचींत नसलेल्या नियतकालिकांपैकी सुमारे ८८ टक्के नियतकालिके सुमार दर्जाची असू शकतात, असे आढळले. मे २०१८ मध्ये आयोगाने यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली. जेथे गुण आकड्याला मिळतात, तेथे आकडा विकणारी दुकाने उघडतात, एवढाच याचा अर्थ. मर्जीच्या जागी आकडा आला आणि आकडा विकत मिळू लागला. प्रामाणिक अध्यापकाचे संरक्षण पुन्हा दुबळे झाले.

वाडिया यांच्या लेखनाचीही चिकित्सा आवश्यक आहे. १९७१ चा अभ्यास रुग्णालयात पोहोचलेल्या कुटुंबांवर आधारित होता. त्यावरून समाजात हा रोग किती आहे, हे ठरविता येत नाही. मंद नेत्रहालचाल अन्य काही आनुवंशिक प्रकारांतही आढळते, हे पुढे स्पष्ट झाले. त्यामुळे हे लक्षण निदानाची दिशा दाखविते, निदान पूर्ण करीत नाही. जनुकाचा शोधही मुंबईत लागला नाही, कारण त्यासाठी लागणारी मोठी घराणी आणि रेण्वीय प्रयोगशाळा अन्यत्र एकत्र आल्या. या मर्यादा निबंध वाचल्याशिवाय कळत नाहीत, आणि उल्लेखांची संख्या कितीही मोठी असली तरी ती त्या सांगू शकत नाही. म्हणजे आकडा ज्याप्रमाणे गुण झाकतो, त्याप्रमाणे दोषही झाकतो. वाचनाचा आग्रह केवळ संशोधकाच्या सोयीसाठी नसून, त्याची कठोर परीक्षा व्हावी यासाठीही आहे.

छाननी समित्यांसाठी काही सूचना

आंतरराष्ट्रीय पातळीवर या विचाराला पाठबळ मिळालेले आहे. २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को घोषणेने नियतकालिकाच्या आकड्यावरून व्यक्तीचे मूल्यमापन करू नये असे सांगितले. २०१५ मध्ये 'नेचर' मधून प्रसिद्ध झालेल्या लायडन जाहीरनाम्यातील दहा तत्त्वांत, संख्यात्मक मोजमापाने तज्ज्ञांच्या निर्णयाला साहाय्य करावे आणि स्थानिक दृष्ट्या महत्त्वाच्या संशोधनाचे रक्षण व्हावे, ही तत्त्वे आहेत. महाविद्यालयीन पातळीवर त्यांचे रूपांतर साध्या कार्यपद्धतीत करता येईल.

अर्जदाराने सर्व निबंधांच्या यादीबरोबर आपल्या पसंतीचे तीन निबंध सादर करावेत आणि समितीतील किमान दोन सदस्यांनी ते वाचावेत. त्यांनी चार प्रश्नांची लेखी उत्तरे द्यावीत. संशोधकाने कोणता प्रश्न विचारला? त्यासाठी कोणती सामग्री, किती काळ व कशी जमविली? पुढील संशोधकांनी किंवा समाजाने तिचा कोणता उपयोग केला? आणि संशोधकाने स्वतः त्या प्रश्नाकडे परत वळून पाहिले काय? उल्लेखांची संख्या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात साधन म्हणून यावी. मात्र उल्लेख करणारे काही निबंध प्रत्यक्ष उघडून, तो उल्लेख आधारासाठी आहे, खंडनासाठी आहे, की केवळ उपचार म्हणून आहे, हे पाहावे.

या पद्धतीला वेळ लागेल आणि परीक्षकांत मतभेद होतील, हे आक्षेप खरे आहेत. परंतु लेखी उत्तरे दप्तरी राहिली, तर मर्जीने दिलेला निर्णय लपविणे अवघड जाईल. लिखित कारण मागता येते आणि त्याला आव्हानही देता येते. आकड्याला कारण विचारता येत नाही.

निष्कर्ष

वाडिया यांच्या लेखनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. संशोधनाचा प्रभाव प्रकट होण्याचा काळ विषयानुसार बदलतो आणि तो प्रशासकीय मुदतीशी जुळेलच असे नाही. उपयोगात पूर्णपणे मुरलेले ज्ञान उल्लेखांच्या सूचीत अपुरे दिसते. आणि संशोधनातील गुण व मर्यादा या दोहोंचा निर्णय वाचनाशिवाय होत नाही. आकडे कोठे पाहावे हे सुचवू शकतात. तेथे काय आहे, हे पाहणाऱ्यानेच सांगावयाचे असते.

'केअर' यादी गेल्यानंतर महाविद्यालयांना मिळालेले स्वातंत्र्य कसे वापरले जाते, यावर जिल्ह्यातील तरुण अध्यापकांच्या संशोधनाची दिशा अवलंबून राहील. यादीच्या जागी नवा आकडा आला, तर ते लवकर छापून येणारे विषय शोधतील. निबंध वाचला जाईल अशी खात्री मिळाली, तर एखादा अध्यापक वीस वर्षे लागणारा प्रश्नही हाती घेऊ शकेल. जे. जे. रुग्णालयाच्या गर्दीत नऊ कुटुंबांच्या नजरेतील संथपणा टिपणाऱ्यांना तसा अवकाश मिळाला होता. ग्रामीण महाविद्यालयातील अध्यापकाला तो उपलब्ध करून देणे हे छाननी समितीच्या हाती आहे.